कोरे-मूर्ती कशी पाहावी: आर्ष ग्रीक काळातील संगमरवरी युवतींच्या शिल्पांचे वाचन

ग्रीक शिल्पकलेच्या आर्ष काळात, म्हणजे ढोबळमानाने इ.स.पू. ६५० ते ४८० या दरम्यान, वस्त्रे ल्यालेल्या आणि उभ्या असलेल्या तरुणींच्या ज्या संगमरवरी मूर्ती घडवल्या गेल्या, त्यांना अभ्यासक ‘कोरे’ म्हणतात; अनेकवचनी ‘कोराई’. त्याच काळातील नग्न तरुणाच्या मूर्तीला ‘कूरोस’ म्हणतात. कूरोस पाहताना नजर आपोआप शरीररचनेकडे जाते. कोरे-मूर्ती पाहताना मात्र ती चेहऱ्यावर खिळते आणि घोटाळा तेथेच होतो. ओठांच्या कोपऱ्यांत उमटलेले हसू इतके वेधक असते, की पाहणारा त्या हसण्यात एखादी विशिष्ट व्यक्ती, तिचा स्वभाव, तिची मनःस्थिती शोधू लागतो. वास्तविक यांतील बहुतेक मूर्ती म्हणजे कोणा एका तरुणीची व्यक्तिचित्रे नव्हेत. देवतेला वाहिलेले अर्पण किंवा थडग्यावर उभारलेली खूण हे त्यांचे मुख्य काम होते आणि त्या कामाचे पुरावे चौथऱ्यात, दगडात, वस्त्रांच्या घड्यांत आणि हातांत सापडतात. म्हणून येथे सुचवलेला क्रम नेहमीच्या सवयीच्या उलट आहे: पाहणी पायांपासून सुरू करावी, वर वर जावे आणि चेहरा सर्वांत शेवटी पाहावा.

प्रत्यक्ष मूर्तीसमोर उभे राहता आले तर उत्तमच. अथेन्समधील अॅक्रोपोलिस संग्रहालयाच्या २००९ साली खुल्या झालेल्या इमारतीत आर्ष काळातील मूर्ती भिंतीला टेकवून न ठेवता मोकळ्या दालनात उभ्या केल्या आहेत, त्यामुळे प्रत्येकीभोवती फिरता येते. छायाचित्रांवरून अभ्यास करायचा असेल, तर समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून घेतलेली छायाचित्रे जमवावीत, शिवाय चौथऱ्याचेही एखादे चित्र मिळवावे. केवळ समोरच्या छायाचित्रावरून कोरे-मूर्तीविषयी मत बनवू नये.

चौथरा आणि लेख

पहिला प्रश्न असा विचारावा की ही मूर्ती कोणी, कोणाला आणि कशापोटी दिली. त्याचे उत्तर बहुधा लेखात असते, आणि लेख नेहमी चौथऱ्यावरच असतो असे नाही. डेलोस बेटावर १८७८ साली सापडलेली निकांद्रेची मूर्ती ही संगमरवरातील मोठ्या आकाराच्या कोराईंपैकी सर्वांत जुन्यांत गणली जाते. तिचा काळ साधारण इ.स.पू. ६५० मानतात. तिचा लेख तिच्याच घागऱ्याच्या डाव्या अंगावर कोरलेला आहे. दूरवर बाण मारणाऱ्या देवीला, म्हणजे आर्टेमिसला, नाक्सोस बेटावरील देइनोदिकेसच्या मुलीने, देइनोमेनेसच्या बहिणीने आणि आता फ्राक्सोसची पत्नी असलेल्या निकांद्रेने ही मूर्ती अर्पण केली, असे तो सांगतो. एका स्त्रीची ओळख वडील, भाऊ आणि पती अशा तीन पुरुषांच्या नात्यांतून दिली जाते, पण अर्पण करणारी म्हणून नाव तिचेच येते. सामोस बेटावरील हेरा देवीच्या देवस्थानातून आलेल्या आणि आज लूव्र संग्रहालयात असलेल्या, शीर हरवलेल्या मूर्तीवर लेख अंगावरील ओढणीच्या काठाने उभा उतरतो: खेरामिएसने हेराला हे शोभेचे अर्पण म्हणून वाहिले. या खेरामिएसने एकाहून अधिक मूर्ती तेथे वाहिल्या होत्या. देवस्थानात आपल्या नावाची एक रांगच उभी करण्याइतकी ऐपत आणि हौस त्याला होती, हे लेख वाचल्याखेरीज कळले नसते.

अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवरील, म्हणजे शहरातील देवस्थानांच्या टेकडीवरील, लेख या बाबतीत फार बोलके आहेत. नाउलोखोस नावाच्या माणसाने अर्पण केलेल्या मूर्तीच्या चौथऱ्यावर असे लिहिले आहे की सोन्याचा त्रिशूळ धारण करणाऱ्या समुद्राधिपतीने त्याला जी मासळी मिळवून दिली, तिच्यातील पहिला वाटा म्हणून त्याने ही कोरे वाहिली. म्हणजे कृपा समुद्रदेव पोसायडनची, आणि अर्पण मात्र अथेना देवीच्या टेकडीवर. नेआर्खोसनेही आपल्या कामाच्या मिळकतीतील पहिला वाटा अथेनाला दिला. त्या चौथऱ्यावर एउमारेसचा मुलगा आंतेनोर या शिल्पकाराची सही आहे, आणि बहुतेक अभ्यासक त्या चौथऱ्याशी जी मूर्ती जोडतात ती दोन मीटरहून उंच, अॅक्रोपोलिसवरील सर्वांत भव्य कोराईंपैकी एक आहे. थालिआर्खोसचा मुलगा एउथिदिकोस हाही असाच अर्पणकर्ता.

येथे थोडे थांबून विचार करावा. मासळीवर जगणारा पुरुष तरुणीची मूर्ती वाहतो. स्वतःच्या कामाचा पहिला वाटा देणारा दुसरा पुरुषही तरुणीचीच मूर्ती वाहतो. यावरून निदान अॅक्रोपोलिसवर तरी मूर्ती ही अर्पणकर्त्याची प्रतिमा नाही, हे उघड होते. ती देवीला आवडेल अशी देखणी वस्तू आहे, वस्त्रालंकारांनी नटलेली आणि हातात भेट घेऊन कायमची उभी असलेली. सामोसवर चित्र थोडे वेगळे आहे. तेथे शिल्पकार गेनेलेओस याने इ.स.पू. ५६० च्या सुमारास एकाच लांब चौथऱ्यावर एका कुटुंबाच्या सहा मूर्ती मांडल्या; त्यांत आसनावर बसलेली फिलेइया आणि उभ्या असलेल्या फिलिप्पे व ओर्निथे यांची नावे कोरलेली आहेत. नावे व्यक्तींची आहेत, तरी उभ्या मुली एकमेकींसारख्याच घडवल्या आहेत. त्यांना वेगळे करते ते नाव, चेहरा नव्हे.

थडग्यावरील मूर्तींचे वाचन निराळ्या पद्धतीने करावे लागते. अथेन्सभोवतालच्या अॅटिका प्रदेशातील मेरेन्दा येथे, प्राचीन मिर्रिनूस या गावाच्या जागी, १९७२ साली पुरातत्त्वज्ञ एफ्थिमिओस मास्त्रोकोस्तास यांना एका खड्ड्यात एका कूरोसशेजारी निजवून ठेवलेली एक कोरे-मूर्ती मिळाली. जवळच्या चर्चच्या बांधकामात पूर्वीच वापरला गेलेला एक लेखयुक्त चौथरा अभ्यासकांना फार आधीपासून ठाऊक होता, आणि तो याच मूर्तीचा असल्याचे सिद्ध झाले. त्या लेखाचा आशय असा: ही फ्रासिक्लेइयाची खूण, विवाहाऐवजी देवांनी हेच नाव माझ्या वाट्याला दिले, म्हणून मी सदैव कुमारिकाच म्हणवली जाईन. पारोस बेटावरील अरिस्तिओनने ही मूर्ती घडवली, हेही तेथे नोंदलेले आहे. हा लेख वाचल्यावर तिच्या मस्तकावरील कमळकळ्यांचा मुकुट आणि छातीशी धरलेली न उमललेली कळी यांकडे पुन्हा पाहावे. अविवाहित मरण आलेल्या मुलीच्या थडग्यावर ही निवड सहज झालेली नाही.

चौथरा हरवला असेल, तर मूर्ती कोठे सापडली याची नोंद पाहावी. देवस्थानात सापडलेली मूर्ती बहुधा अर्पण असते आणि दफनभूमीत सापडलेली बहुधा खूण. एवढा भेद हाती लागला तरी पुढचे अनेक चुकीचे तर्क आपोआप गळून पडतात.

दगड, हत्यारे आणि सांधे

यानंतर दगडाच्या कणाकडे लक्ष द्यावे. नाक्सोसच्या संगमरवराचे स्फटिक भरड असतात आणि पृष्ठभागावर ते नुसत्या डोळ्यांनाही चमकताना दिसतात. पारोसचा दगड अधिक बारीक कणांचा असून त्याच्या उत्तम प्रतीत प्रकाश काही अंतर आत शिरतो, त्यामुळे कातडीला जिवंतपणा येतो. तो भूमिगत खाणींतून काढला जात असे आणि अथेन्समधील शिल्पकारही आपल्या कोराईंसाठी तो समुद्रमार्गे आणवीत. पेंतेली डोंगराचा संगमरवर बारीक कणांचा असतो आणि काळानुसार त्यावर मधासारखी छटा चढते, तर हिमेत्तोसचा दगड निळसर करड्या झाकेचा. तरीही डोळ्यांनी केलेले निदान पक्के मानू नये. प्रयोगशाळेत कार्बन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांची तपासणी करून खाण शोधतात आणि तिने अनेक जुनी मते खोडून काढली आहेत.

पाथरवटाच्या हत्यारांच्या खुणा मागच्या बाजूला, घड्यांच्या खोलगट भागांत आणि पायांच्या आसपास शोधाव्यात, कारण दर्शनी भाग नाक्सोसच्या कुरुंदाने घासून गुळगुळीत केलेला असतो. टोकदार छिन्नीचे ठिपके, सपाट छिन्नीचे पट्टे आणि समांतर बारीक रेघा सोडणारी दातेरी छिन्नी हे तीन प्रकार ओळखता आले तरी पुरे. दातेरी छिन्नी सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रुळली, त्यामुळे तिच्या खुणा काळाचा अंदाज बांधायला थोडी मदत करतात.

सांध्यांना मात्र वेळ द्यावा. उत्तरकालीन कोराई क्वचितच एका अखंड दगडाच्या असतात. पुढे केलेला हात अखंड ठोकळ्यातून काढायचा तर समोरचा कितीतरी दगड फुकट जाणार, म्हणून तो स्वतंत्र घडवून कोपराशी खोबणीत बसवीत आणि खुंटी व शिसे यांनी पक्का करीत. आज तो हात नसला, तरी खोबण शिल्लक असते. चौकोनी किंवा गोल खोबण म्हणजे ठरवून केलेला जोड, आणि खडबडीत तुटका भाग म्हणजे नंतर झालेली मोडतोड. हा फरक कळला नाही, तर मूर्तीची मूळ मुद्राच चुकीची कल्पिली जाते. कानांच्या पाळ्यांतील छिद्रे, कपाळावरील पट्टीतली छिद्रे, मुठीत आरपार गेलेले भोक यांचीही नोंद करावी, कारण कुंडले, फुले आणि हातातील वस्तू बहुधा धातूच्या असत आणि त्या नाहीशा झाल्या आहेत. काही मूर्तींच्या डोक्यावर मधोमध लोखंडी किंवा कांस्याची कांब बसवल्याची खूण दिसते. पक्ष्यांनी मूर्ती घाण करू नये म्हणून ती योजना होती, असे प्रचलित मत आहे. तेथे एखादे शिरोभूषण बसवलेले असावे, असे म्हणणारेही आहेत.

बाजूने आणि मागून

समोरून भरदार वाटणारी मूर्ती बाजूने पाहिल्यावर फळीसारखी चपटी निघू शकते. निकांद्रेच्या मूर्तीची उंची पावणेदोन मीटर असून जाडी जेमतेम वीस सेंटिमीटरच्या आसपास आहे. खेरामिएसची मूर्ती याच्या नेमकी उलट, खाली जवळजवळ खांबासारखी गोल. हा केवळ काळाचा फरक नव्हे; बेटाबेटांच्या कार्यशाळांच्या सवयीही त्यात आहेत. मागे गेल्यावर केस पाठीवर कसे सोडले आहेत, ओढणी कोठपर्यंत येते आणि शिल्पकाराने मागची बाजू कितपत मनावर घेतली आहे हे पाहावे. अनेक कोराईंच्या मागच्या बाजूला वस्त्र शरीराला घट्ट लपेटलेले दाखवून पाय आणि नितंब यांचा आकार स्पष्ट केलेला असतो, आणि समोरच्या घड्यांच्या गर्दीपेक्षा शरीराची जाण तेथे जास्त कळते, असे माझे मत आहे.

वस्त्रे

कोरे-मूर्तीच्या अभ्यासाचा गाभा वस्त्रांत आहे, आणि सर्वांत जास्त चुकाही येथेच होतात. तीन मुख्य वस्त्रे ओळखायला शिकावे. पेप्लोस हे जाड लोकरी वस्त्र अंगाभोवती गुंडाळून दोन्ही खांद्यांवर टाचण्यांनी अडकवतात. वरचा भाग दुमडून बाहेर सोडलेला असल्याने छातीवर त्याचा दुसरा पदर दिसतो, कमरेला पट्टा असतो आणि घड्या थोड्या व भारी असतात. खितोन हे पातळ, बहुधा लिननच्या (जवसाच्या धाग्यांच्या) कापडाचे असते. बाहीच्या कडेने बटणांची ओळ दिसते आणि बारीक, नागमोडी निऱ्या पडतात. हिमातिओन म्हणजे खितोनवर घेतलेले आडवे उपरणे. अॅटिकातील कोराईंमध्ये ते बहुतेक वेळा उजव्या खांद्यावरून निघून डाव्या काखेखालून जाते आणि त्याच्या तिरप्या काठावर घड्यांची झालर तयार होते. सामोसच्या मूर्तींवर याशिवाय पाठीमागून घेतलेली आणि कमरपट्ट्यात खोचलेली ओढणीही दिसते.

खेरामिएसची मूर्ती या ओळखीच्या सरावासाठी उत्तम आहे. खाली खितोनच्या असंख्य समांतर उभ्या रेघा, वर तिरप्या हिमातिओनच्या थोड्या रुंद घड्या आणि बाजूला पूर्ण गुळगुळीत ओढणी. तीन वस्त्रे तीन निराळ्या पृष्ठभागांनी वेगळी केली आहेत. कापडाचे वजन दाखवण्याचा प्रयत्न फारसा नाही, त्याचा पोत वेगळा करण्याचा मात्र पुरेपूर आहे. पुढच्या पिढ्यांत मूर्ती एका हाताने घागरा बाजूला ओढून धरू लागते आणि त्या एका कृतीने सगळे बदलते: घड्या मुठीकडे वळतात, वस्त्र मांडीवर ताणले जाते आणि त्याखाली पाय आहे हे प्रथमच पटते. सहाव्या शतकाच्या अखेरीस हे कौशल्य इतके वाढते, की काठांच्या नागमोडी घड्या एकमेकींवर रचल्या जातात, त्यांच्या खालून दगड पोखरला जातो आणि प्रकाश-सावलीचा खेळ मूर्तीच्या मुद्रेपेक्षा अधिक लक्ष वेधतो. काही मूर्तींत हा नखरा अतीच होतो, हेही मोकळेपणाने म्हणावे.

आता चुकीची शक्यता. पेप्लोस जुना आणि खितोन नवा असा सरळ नियम करून त्यावरून काळ ठरवण्याचा मोह होतो. त्याला एक प्राचीन कथाही पाठबळ देते. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, की एजिना बेटावरील मोहिमेतून एकटाच वाचून परतलेल्या पुरुषाला अथेन्सच्या स्त्रियांनी आपापल्या पतींची विचारणा करीत वस्त्रांच्या टाचण्यांनी भोसकून मारले, आणि त्याची शिक्षा म्हणून त्यांना टाचण्या न लागणारा आयोनियन (पूर्वेकडील ग्रीकांचा) लिननचा पोशाख, म्हणजे खितोन, घ्यायला लावले. कथा रंजक आहे, पण तिच्यावर शिल्पाचा कालक्रम उभारू नये. अॅक्रोपोलिस संग्रहालयातील क्रमांक ६७९ ची, ‘पेप्लोस कोरे’ म्हणून प्रसिद्ध असलेली, सुमारे १.२० मीटर उंचीची मूर्ती इ.स.पू. ५३० च्या आसपासची आहे, म्हणजे आयोनियन पोशाख अॅटिकात रुळत होता त्याच काळातली. शिवाय तिच्या अंगावर खरोखर पेप्लोस आहे की नाही, यावरच वाद आहे. रंगांच्या अभ्यासातून तिच्या वस्त्राच्या पुढच्या भागावर प्राण्यांच्या आकृतींचे पट्टे रंगवलेले होते असे दिसले, आणि व्हिन्झेन्झ ब्रिंकमान यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते देवतेचे विशेष वस्त्र असून ही तरुणी नव्हे तर एखादी देवी असावी, असे मांडले. मूर्ती पाहताना प्रसिद्ध नावावर विसंबू नये, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही.

नावांबद्दल येथेच आणखी एक सावधगिरी. खेरामिएसची मूर्ती बराच काळ ‘सामोसची हेरा’ म्हणून ओळखली गेली. बर्लिनमधील डाळिंब धरलेली, सुमारे १.९३ मीटर उंचीची अॅटिक मूर्ती ‘बर्लिनची देवी’ म्हणवली गेली, त्याला तिच्या डोक्यावरील उंच मुकुट कारणीभूत होता. मुकुट मात्र मर्त्य मुलीच्या डोक्यावरही असू शकतो. फ्रासिक्लेइयाच्या डोक्यावर तो आहेच. शिरस्त्राण, धनुष्य अशी ठळक चिन्हे मिळाल्याशिवाय मूर्तीला देवीचे नाव देऊ नये.

हात

अॅटिक कोराईंची नेहमीची मांडणी अशी: एका हाताने, बहुधा डाव्या, घागरा किंचित उचललेला आणि दुसरा हात कोपरात वाकवून पुढे केलेला. पुढे आलेल्या तळव्यावर अर्पणाची वस्तू असे, आणि नेमका तोच हात सर्वांत आधी तुटतो. सुदैवाने काही मूर्तींनी वस्तू छातीशी धरली आहे, म्हणून ती वाचली. डाळिंब, सफरचंदासारखे फळ, पक्षी, फुलांचा हार, ससा हे प्रकार दिसतात; खेरामिएसने वाहिलेल्या आणि आज बर्लिनमध्ये असलेल्या दुसऱ्या मूर्तीच्या हातात ससा आहे, तर अॅक्रोपोलिसवरील क्रमांक ५९३ जवळ डाळिंब आणि हार दोन्ही आहेत. प्रत्येक वस्तूला ठरावीक प्रतीकार्थ चिकटवण्याची घाई करू नये. डाळिंब थडग्यावरही दिसते आणि अथेनाच्या देवस्थानातही. त्यामुळे त्याचा अर्थ जागेनुसार ठरतो.

रंग

आज पांढऱ्या दिसणाऱ्या या मूर्ती मुळात रंगीत होत्या. कातडीचा बराच भाग दगडाच्या जवळपासच्या रंगाचा ठेवला जाई, पण केस, ओठ, डोळे, दागिने आणि वस्त्रांचे काठ ठळक रंगांनी भरलेले असत. गेरू, पिवळी काव, हिंगूळ, अझुराइट या खनिजाचा निळा, मॅलॅकाइट या खनिजाचा हिरवा आणि कृत्रिमरीत्या बनवलेला इजिप्शियन निळा ही रंगद्रव्ये वापरात होती. बर्लिनच्या मूर्तीवर रंग बऱ्यापैकी टिकले, कारण ती शिशाच्या पत्र्यात गुंडाळून पुरलेली होती. अॅक्रोपोलिसवरील क्रमांक ६७५ ची छोटी मूर्ती आणि लाल पादत्राणांमुळे ओळखली जाणारी क्रमांक ६८३ याही रंगांसाठी मुद्दाम पाहाव्यात.

रंग शोधताना आधी नुसत्या डोळ्यांनी केसांच्या खाचा, कानांमागचा भाग आणि काखेखालच्या घड्या तपासाव्यात. त्यानंतर प्रकाश बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर पडेल अशा कोनातून पाहावे किंवा तशी छायाचित्रे मिळवावीत. रंगाने झाकलेला दगड कमी झिजतो आणि उघडा दगड जास्त झिजतो, त्यामुळे रंग उडून गेल्यानंतरही नक्षीचा पुसट उठाव राहतो. प्रयोगशाळेत अतिनील प्रकाशाचा उपयोग होतो, आणि इजिप्शियन निळ्यासाठी तर एक खास पद्धत आहे: दृश्य प्रकाश पडल्यावर तो रंग अवरक्त किरण सोडतो, म्हणून योग्य कॅमेऱ्यात त्याचे सूक्ष्म कणही उजळून दिसतात. दिसणारा रंग मूळचाच आहे असे मात्र गृहीत धरू नये. अझुराइट कालांतराने हिरवट होऊ शकतो आणि हिंगूळ काळवंडू शकतो. आधुनिक रंगीत प्रतिकृती अनेकांना भडक वाटतात. त्या अंदाज म्हणूनच पाहाव्यात, कारण रंगाचा थर किती पातळ होता आणि त्यावर छटा होत्या का, हे प्रत्येक ठिकाणी सिद्ध झालेले नाही. पण मूळ मूर्ती पांढऱ्या होत्या या समजुतीपेक्षा त्या सत्याच्या नक्कीच जवळ आहेत.

चेहरा

आता चेहऱ्याकडे वळावे. आधी केस पाहावेत: कपाळावरील लाटा किंवा गुंडाळ्या, आणि कानांमागून छातीवर दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या तीन-चार बटा. मग डोळे. आरंभीच्या मूर्तींत ते मोठे, बदामी आणि जवळजवळ चेहऱ्याच्या पातळीवर असतात. पुढे पापण्यांना जाडी येते आणि डोळा खोबणीत आत जातो. आंतेनोरच्या मूर्तीचे डोळे निराळ्या पदार्थाचे घडवून बसवलेले होते.

त्या सुप्रसिद्ध हास्याचा अर्थ आनंद असा लावू नये. एजिनावरील अफाइआ देवीच्या मंदिराच्या पश्चिमेकडील त्रिकोणी शिल्पपटात, जो आज म्युनिकमध्ये आहे, मरणासन्न योद्ध्याच्या ओठांवरही असेच हसू आहे. गाल आणि ओठ यांची वळणे दगडात एकमेकांशी जुळवण्याची कारागिरीची सोय, चेहरा जिवंत दिसावा ही इच्छा आणि देवतेपुढे शोभणारी प्रसन्नता अशी अनेक कारणे सुचवली गेली आहेत. मला स्वतःला दुसरे आणि तिसरे कारण अधिक पटते, कारण शिल्पकारांना हवे तेव्हा हे हसू बाजूला ठेवता आले. एउथिदिकोसने वाहिलेली मूर्ती त्याचा पुरावा आहे. इ.स.पू. ४९० ते ४८० च्या दरम्यानच्या या मूर्तीचे ओठ सरळ आणि किंचित खाली वळलेले, पापण्या जड, हनुवटी भरदार आहे. वस्त्राची झालरही आटोक्यात आली आहे. तिला रुसलेली म्हणण्याचा प्रघात आहे, पण तोही हसणाऱ्या मूर्तीला आनंदी म्हणण्याइतकाच फसवा आहे.

काळ ठरवणे आणि तुकड्यांची नोंद

वरील सर्व निरीक्षणे जमल्यावरच काळाचा अंदाज करावा, आणि तो एका वर्षात न सांगता दहा-वीस वर्षांच्या टप्प्यात सांगावा. पृष्ठभागाची कारागिरी, शरीराची खोली, घड्यांची रचना आणि डोळ्यांची घडण यांपैकी निदान तीन गोष्टी एकाच काळाकडे बोट दाखवत असतील, तर अंदाज भरवशाचा. लेखातील अक्षरांचे वळणही मदतीला येते. खालची मर्यादा अथेन्सपुरती ठळक आहे: इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन सैन्याने अॅक्रोपोलिस उद्ध्वस्त केले आणि मोडलेल्या मूर्ती पुढे तेथेच भरावात गाडल्या गेल्या. १८८६ च्या आरंभी पानागिओतिस काव्वादिआस यांच्या उत्खननात एरेख्थेइओन या मंदिराच्या वायव्येला एकाच ठिकाणी चौदा मूर्ती निघाल्या. मात्र टेकडीवरील सगळाच भराव पर्शियन विध्वंसानंतर लगेच टाकला गेला, असे आता सरसकट मानले जात नाही. म्हणून प्रत्येक मूर्ती नेमकी कोणत्या थरात सापडली याची नोंद पाहिल्याशिवाय हा पुरावा वापरू नये.

शेवटी संग्रहालय-क्रमांक नीट उतरवून घ्यावा. एउथिदिकोसच्या मूर्तीचे दोन तुकडे ६८६ आणि ६०९ अशा दोन क्रमांकांनी नोंदलेले आहेत. एकच क्रमांक शोधणाऱ्याला तिचे पाय सापडणार नाहीत. हातात कबुतर धरलेल्या एका कोरेचा वरचा भाग फ्रान्समधील ल्यों येथे आहे आणि खालचा अथेन्समध्ये. हे दोन्ही भाग एकाच मूर्तीचे आहेत, हे विसाव्या शतकात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हम्फ्री पेन यांनी दाखवून दिले. तेव्हा मूर्ती अपुरी दिसत असेल, तर सूचीत तिच्या क्रमांकापुढे दुसरा क्रमांक आहे का, तुटीच्या जागी नवे प्लास्टर आहे की जुना दगड, आणि उरलेला भाग अन्य संग्रहात असल्याची नोंद आहे का, एवढे तपासूनच आपले टिपण पूर्ण करावे.